मेण गेलं त्या वाटेने

कुर्डुवाडी हे रेल्वेने वाढवलेलं गाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये इथून बार्शीकडे धावू लागली, तेव्हा स्टेशनचं नावही ‘बार्शी रोड’ होतं. अडीच फुटी रुळांची ही गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. तिच्या इंजिन-डब्यांच्या देखभालीसाठी गावात वर्कशॉप उभं राहिलं. रूळ रुंद झाले, वाफेची इंजिनं गेली, वर्कशॉप मात्र टिकलं; माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामंही इथे झाली आहेत.

अशा गावातल्या मुलाला ब्राँझची ओळख पुतळ्याआधी इंजिनातून व्हावी, हे साहजिक आहे. वाफेच्या इंजिनाचा सगळा भार चाकांच्या आसांवर येतो आणि आस फिरतो तो ब्राँझच्या किंवा गनमेटलच्या ओतीव बेअरिंगमध्ये. पोलादावर पोलाद घासलं तर दोन्ही तापून चिकटतात. तांब्या-कथलाचा मऊ पण चिवट धातू मध्ये असला की चाक फिरत राहतं. गनमेटलचं एक नेहमीचं प्रमाण असं: 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5 टक्के. हेच मिश्रण पाण्याच्या व्हॉल्व्हला चालतं, बेअरिंगला चालतं आणि जगभरच्या फाउंड्र्यांमध्ये पुतळ्यालाही चालतं. चौकातला अश्वारूढ पुतळा आणि इंजिनाचं बेअरिंग ही एकाच कुळातली भावंडं. ब्राँझ शिकू पाहणाऱ्या कलाविद्यार्थ्याने हे नातं पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवलेलं बरं.

माती, मग प्लास्टर, मग हिशेब

एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेतच होतात. पुढे सीईटी देऊन शिल्पकला घेतली की विद्यार्थ्याचा बराचसा काळ मातीत जातो. लोखंडी सळई आणि तारेचा सांगाडा, त्यावर मातीचा थर, समोर मॉडेल. मातीकाम झालं की प्लास्टरचा साचा आणि साच्यातून प्लास्टरची प्रत. बहुतेकांचा प्रवास इथेच थांबतो. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्याने केलेलं सर्वांत गाजलेलं शिल्प म्हणजे गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’, आणि 1896 च्या सुमाराचं ते कामही प्लास्टरचंच आहे. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये ‘संथाल कुटुंब’ उभं केलं ते सिमेंट आणि खडी वापरून. साहित्याची निवड पुष्कळदा खिसा करतो.

ब्राँझ महाग आहे, आणि किती महाग ते जाडीवर ठरतं. माणसाच्या आकाराचं नुसतं डोकं भरीव ओतलं तर सुमारे 40 किलो धातू लागेल. तेच 5 मिलिमीटर जाडीचं पोकळ ओतलं तर 7-8 किलोंत भागतं. पोकळ ओतण्याचं कारण केवळ काटकसरीचं नाही. जाड भाग सावकाश थंड होतो, पातळ भाग लवकर. या ओढाताणीत जाड भागात पोकळ्या पडतात, कडेला भेगा जातात. म्हणून ओतकामातला पहिला नियम एकसारख्या जाडीचा.

लहान वस्तू भरीव ओतता येतात, आणि आपल्या भागात त्या चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास ओतल्या गेल्या असाव्यात. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही वस्तूंचं मिळून वजन 60 किलोंहून अधिक. त्यांचा नेमका काळ कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहे; ओतणाऱ्याच्या कसबावर वाद नाही. हत्ती, गेंडा आणि रेडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने त्यांच्यासमोर उभं राहून धातू कुठून आत शिरला असेल, हे शोधत बसावं.

मेणाचं काम

पोकळ मूर्तीसाठी मेणाची रीत वापरतात. मूळ शिल्पावरून रबराचा साचा घेतात. त्यात वितळलेलं मेण फिरवून आतून 4-5 मिलिमीटरचा थर बसवतात. हे मेण म्हणजे मधमाशांचं मेण, पॅराफिन आणि राळ यांचं मिश्रण. उन्हाळ्यात राळ थोडी जास्त लागते, नाहीतर सोलापूरकडच्या चैत्र-वैशाखात काम हातातच लोळागोळा होतं. साचा उघडून मेणाची प्रत बाहेर काढायची, सांध्यांच्या रेघा पुसायच्या, बुडबुड्यांची भोकं बुजवायची. मेणावर राहिलेला अंगठ्याचा ठसा धातूत जसाच्या तसा उतरतो.

यापुढचं काम शिल्पाचं कमी आणि नळजोडणीचं जास्त. वरून धातू आत यायला पेला आणि मेणाच्या काड्या जोडायच्या. त्यांना फाउंड्रीत रनर म्हणतात. हवा बाहेर पडायला बारीक वाटा ठेवायच्या. जाड भागाला शेवटपर्यंत धातू पुरावा म्हणून रायझर लावायचा. आत भरलेला गाभा, म्हणजे कोअर, मेण गेल्यावर हलू नये म्हणून मेणातून आरपार लोखंडी खिळे ठोकायचे. पुढे केलेला हात, हनुवटीखालची खोबण, कानाची पाळी अशा प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हवा इथून कुठे जाईल? हवा अडली की तिथे धातू पोचत नाही आणि मूर्तीचं बोट अर्ध्यावर राहतं. सौंदर्यशास्त्राच्या तासाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. वर्कशॉपमधला मोल्डर तो रोज विचारतो.

मग वरचं आवरण. प्लास्टरमध्ये वाळू किंवा भाजलेल्या विटेची पूड मिसळून केलेलं जाड कवच ही एक पद्धत. सिलिकाच्या पातळ लगद्यात बुडवून, वर बारीक दाणे भुरभुरून एकामागून एक थर चढवायचे, ही नवी पद्धत. बस्तरचे घडवे कारागीर मातीत शेण आणि भाताचा कोंडा मिसळतात. मीरा मुखर्जी यांनी म्युनिकमध्ये कलाशिक्षण घेतलं होतं, तरी धातूचं काम शिकायला त्या या कारागिरांकडे गेल्या आणि आपल्या ब्राँझकामाची घडण तिथे पक्की केली. महाराष्ट्रात हे काम ओतारी समाजाकडे होतं. जोडवी, घुंगरं, घंटा हे त्यांचं रोजचं ओतकाम. कोणत्याही कलाशाळेच्या कितीतरी आधीपासून ही शाळा चालू होती.

तिचं लेखी पुस्तकही होतं. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने शंभरएक किलोमीटरवर कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मेणाची मूर्ती करण्यापासून तिच्यावर माती लिंपणं, मेण वितळवून काढणं आणि धातू ओतणं इथपर्यंतची कृती दिली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा, हेही सांगितलं आहे. आजची फाउंड्री हाच हिशेब करते: मेण पाण्यापेक्षा किंचित हलकं, ब्राँझ पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, म्हणून मेणाच्या साधारण दहापट धातू धरायचा, आणि पेला-रनर मेणाचेच असल्याने तेही तराजूत घालायचे.

ओतण्याचा दिवस

ओतण्याआधी साचा भट्टीत भाजतात. मेण वितळून गळतं, उरलेलं जळतं, आणि कवचातलं पाणी निघून जातं. घाई करायची नाही ती इथे. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे 1600 पटींनी वाढतं. साच्यात ओल राहिली आणि वरून तापलेला धातू पडला, तर तो धातू उडून माणसांच्या अंगावर येतो. म्हणून मोठ्या साच्याची भाजणी दिवसरात्र चालते.

तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, कथील अवघ्या 232 अंशांना. मुशीत आधी तांबं, मग बाकीचं. जस्त 907 अंशांना उकळतं, त्यामुळे ते शेवटी घालतात. तरी पांढरा धूर निघतोच. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ओतणाऱ्यांना हा ताप ठाऊक असतो. विद्यार्थ्यालाही तो आधी सांगायला हवा, आणि तोंडाला योग्य मास्क हवा. चामड्याचा एप्रन, हातमोजे, चेहऱ्यापुढे काच, पायांत चामड्याचे बूट आणि सुती कपडे. नायलॉन अंगावर वितळतं.

धातू 1100 ते 1150 अंशांच्या दरम्यान आला की वरची मळी बाजूला सारतात आणि दोघे मिळून मूस उचलतात. धार एकदा सुरू झाली की तोडायची नाही. धार तुटली तर आधीचा धातू गोठतो, नंतरचा त्यावर नुसता टेकतो आणि मूर्तीच्या अंगावर न जुळलेल्या सांध्याची रेघ उमटते. मेण गेलं त्या वाटेने धातू आत येतो, हवेच्या वाटांतून वर दिसू लागतो आणि थांबतो. महिन्याभराच्या मेहनतीचा निकाल मिनिटाच्या आत लागतो. या मिनिटात शिल्पकाराच्या हाती काहीच नसतं. जे करायचं ते त्याने मेणात असतानाच करून ठेवलेलं असतं.

साचा फोडल्यावर काळपट, काटेरी वस्तू हाती येते. रनर कापायचे, खिळ्यांची भोकं वेल्डिंगने बुजवायची, छिन्नीने आणि कानशीने पोत पुन्हा जुळवायचा. थंड होताना ब्राँझ दीड टक्क्याच्या आसपास आक्रसतं, तेव्हा 30 सेंटिमीटरचं डोकं 4-5 मिलिमीटरने बुटकं झालेलं असतं. शेवटी रंग. तापवलेल्या धातूवर गंधकाच्या क्षाराने तपकिरी-काळा, फेरिक नायट्रेटने तांबूस, क्युप्रिक नायट्रेटने हिरवा रंग चढतो आणि वर पुन्हा मेणाचा हात फिरतो.

दोन हात, एक सही

महाराष्ट्रातले मोठे पुतळे या कामाची दुसरी बाजू दाखवतात. सासवण्याचे नानासाहेब करमरकर जे. जे. मध्ये शिकले, नंतर लंडनला गेले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला त्यांचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा 1928 चा. तो ओतला गेला मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये, एकसंध. एवढा धातू एका वेळी वितळवण्याची ताकद जहाजाच्या कारखान्याकडे होती, कलाशाळेकडे नव्हती. नव्वद वर्षांनी, 2018 मध्ये, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांच्या रचनेवरून सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा गुजरातेत उभा राहिला. त्याचे ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. सही शिल्पकाराची आणि भट्टी दुसऱ्याची, हा रिवाज जुना आहे आणि एवढ्या आकाराला दुसरा मार्गही नाही. पण भट्टीत काय घडतं हे ज्याला कळत नाही, तो शिल्पकार अर्धे निर्णय न पाहता दुसऱ्यावर सोपवतो.

हे निर्णय पुतळ्याच्या पोटात असतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेची कातडी तांब्याची आणि सांगाडा लोखंडाचा होता. खारट, दमट हवेत दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला कमजोर आधी खाल्ला जातो. 1980 च्या दशकात तिच्या आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, तेव्हा त्याच्या अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर गावोगावच्या लोकांनी आतला सांगाडा, नटबोल्ट आणि गंज यांबद्दल विचारायला सुरुवात केली. पुतळ्याचा चेहरा कसा साधला, याची चर्चा आपण नेहमी करत होतो. तो उभा कशावर आहे, हाही शिल्पकलेचाच प्रश्न आहे.

आपण मात्र मुलांची वाटणी दहावीलाच करून टाकतो. हात चित्रात चालणारा एकीकडे, हात लेथवर चालणारा दुसरीकडे; एक जे. जे. ची स्वप्नं पाहतो, दुसरा आयटीआयचा फॉर्म भरतो. ब्राँझला या दोघांचीही गरज आहे. कुर्डुवाडीसारख्या गावात वेल्डर, फिटर, टर्नर घरोघरी सापडतात; त्यांच्या शेजारी वाढलेल्या मुलाकडे शिल्पकलेचं अर्धं शिक्षण आधीच आलेलं असतं, फक्त त्याला तसं कुणी सांगत नाही. अशा मुलाने पहिल्याच वर्षी पूर्णाकृतीचा हट्ट धरू नये. तळहाताएवढं पदक करावं: मेण पन्नास ग्रॅम, धातू अर्धा किलो, वर पेला-रनरचा वेगळा. त्याचे रनर स्वतः जोडावेत, साचा स्वतः भाजावा, जाणत्या ओतणाऱ्याच्या देखरेखीखाली मुशीचं एक टोक स्वतः धरावं. पदक बिघडलं तर कुठे बिघडलं ते कापून पाहावं आणि तोच धातू परत मुशीत टाकावा. प्लास्टर फुटलं की कचऱ्यात जातं. ब्राँझ पुन्हा वितळतं, आणि शिकणाऱ्यासाठी तो महाग धातू परवडू लागतो तो या एका गुणामुळे.