उत्तनचे परेरा, श्रीलंकेचा परेरा

भाईंदरहून उत्तनला गेलात, तर किनाऱ्यावर बांबूंवर ओळीने बोंबील वाळत घातलेले दिसतील. शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांना नाव विचारा. ते कोळी बोलीत ऐसपैस गप्पा मारतील आणि आडनाव सांगतील परेरा, डिसोझा नाहीतर फर्नांडिस!

आता टीव्ही लावा. क्रिकेटमध्ये श्रीलंकेचा कुसल परेरा, फुटबॉलमध्ये पोर्तुगालचा ब्रुनो फर्नांडिस. मग काय, हे सगळे एकमेकांचे भाऊबंद?

थांबा, आधी 1534 सालात जाऊ. त्या वर्षी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्यासोबत ख्रिस्ती धर्मगुरू आले. इथल्या अनेक कोळी, कुणबी, भंडारी कुटुंबांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तेव्हा नवं नाव मिळायचं आणि पुष्कळदा धर्मगुरूचं किंवा धर्मपित्याचं आडनावही मिळायचं. पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, आडनावं मात्र इथेच रुजली.

पोर्तुगीजांची गलबतं गोव्यात, श्रीलंकेत, मलाक्कात आणि पार ब्राझीललाही जात होती. जिथे गलबतं गेली, तिथे आडनावंही उतरली. परेरा म्हणजे पेअरचं झाड, सिल्वा म्हणजे रान. सोझा ही तर पोर्तुगालच्या उत्तरेकडची एक नदी! फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. इंग्रजांचं जॉन्सन तसंच, जॉनचा मुलगा.

मग आडनाव एक म्हणजे रक्त एक का? इथे विज्ञान मदतीला येतं. बापाकडून मुलाकडे जसं आडनाव जातं, तसंच वाय नावाचं गुणसूत्रही जातं. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी एकाच आडनावाच्या पुरुषांची ही गुणसूत्रं ताडून पाहिली. आडनाव दुर्मिळ असेल तर ती बरेचदा जुळली, म्हणजे त्यांचा पूर्वज एकच असावा. पण स्मिथ मंडळींची काही जुळेनात! स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार तर गावोगावी होते. त्यामुळे तेच आडनाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडलं.

आपल्याकडे तर आडनाव बाप्तिस्म्यातून आलं. म्हणून उत्तनचे परेरा आणि श्रीलंकेचा परेरा नातेवाईक असतीलच असं नाही. उत्तनच्या परेरा काकांचे पूर्वज याच किनाऱ्यावरचे कोळी. त्यांची भाषा, होड्या आणि मासेमारी इथलीच. म्हणून नुसत्या आडनावावरून कुणालाही 'बाहेरचा' म्हणू नका.

आता तुमची पाळी. आजी-आजोबांना विचारा, आपलं आडनाव कुठून आलं? गावावरून, धंद्यावरून की एखाद्या पूर्वजावरून? जे सांगतील ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. तुमच्या घराच्या इतिहासाचं ते पहिलं पान असेल.