हप्ता भरूनही पदरचे पैसे का द्यावेत?

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं होतं, "सर, मेडिक्लेम असूनही तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन पदरचे पैसे घालून केलंत म्हणे. हे कुठलं तत्त्वज्ञान?" वेळ संपली होती, म्हणून उत्तर राहिलं. आज देतो.

रुग्णालयाच्या काउंटरवर आम्हाला पहिला प्रश्न आला, तो डोळ्याबद्दल नव्हताच. "कॅशलेस की कॅश?" दोन्हींचे आकडे वेगळे. आमच्या पॉलिसीत एका डोळ्यामागे ठरावीक मर्यादा आहे, त्यावरचे पैसे आपणच भरायचे. समोर महागडी मल्टिफोकल लेन्स ठेवली गेली. मर्यादेपर्यंतचा पैसा 'कंपनीचा' वाटत होता, तोवर आम्ही तिलाच मान डोलावत होतो. सगळं आपल्याच खिशातून जाणार असं ठरलं आणि मग कुठे डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले. साध्या लेन्सने लांबचं स्वच्छ दिसेल, वाचायला चष्मा लागेल. आता चष्मा पन्नास वर्षं नाकावर आहे, त्याचं काय ओझं! साधी लेन्स घेतली.

केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या निबंधात हेच मांडलं होतं: खर्चाचा भार विमा उचलतो तेव्हा उपचारांची मागणी वाढते. याला 'मॉरल हॅझर्ड' म्हणतात. त्यातला 'मॉरल' आम्हाला पटत नाही. माणूस अनैतिक होत नाही हो, तो फक्त किंमत विचारायचं सोडतो.

आमच्या मुलाची तक्रार वेगळी. "बाबा, एवढी वर्षं हप्ते भरले, ते काय फुकट?" गोंधळ इथेच आहे. विमा म्हणजे भिशी नव्हे. भिशीत आपला नंबर लागावा म्हणून पैसे भरतात. विम्यात तो लागू नये म्हणून वाट पाहायची असते. शिवाय आमच्या पॉलिसीत क्लेम न केलेल्या वर्षी संरक्षणाची रक्कम वाढते. ती आम्हाला मोठ्या दुखण्यासाठी राखायची होती.

पण लगेच माना डोलावू नका. आम्हाला हे जमलं, कारण थांबायला सवड होती, खर्चाचा लेखी अंदाज हातात होता आणि बँकेत ठेव होती. हृदयविकाराच्या झटक्यात भाव कोण विचारणार? देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांनी थेट खिशातून केलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. घटला, ठीक. तरी यातल्या किती जणांनी आमच्यासारखी निवड केली असेल? आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या हर्नियासाठी सोनं गहाण ठेवलं. त्यांच्या पावतीवरही आमच्यासारखंच 'रोख' असंच लिहिलंय. कृती एकच, पण दुसरा मार्ग मोकळा असताना केली तरच तिला निवड म्हणायचं.

आणि हो, पदरचे पैसे दिले म्हणून ते ऑपरेशन लपवायचं नसतं. पुढे नवी पॉलिसी घेताना अर्जात विचारलं, तर ते लिहायलाच हवं. तेव्हा कागद जपा, लेन्सचा स्टिकरसुद्धा.

दुसरा डोळा थंडीत करू, तोही असाच. सौ.चे गुडघे मात्र पॉलिसीवरच. तिथे अतिदक्षता विभागातले चार दिवस वाढले तर आमची ठेव पुरायची नाही. त्या कागदांसाठी मुलगाच धावपळ करतोय, आणि येता-जाता भिशीवरून टोमणेही मारतोय.