पुढे काय झालं?

जपानी कादंबरी वाचून संपली की आमच्या वाचन-भिशीतल्या निम्म्या जणी शेवटचं पान उलटून बघतात, एखादं पान छापायचं तर राहिलं नाही ना! साहजिकच आहे. श्रावणातल्या कहाण्यांपासून आपल्या कानांना ‘सुफळ संपूर्ण’ची सवय. कोणाचं कोणाशी लग्न झालं, कोण सुधारलं, सगळं कळायला हवं.

हारुकी मुराकामीच्या ‘नॉर्वेजियन वुड’चंच (१९८७) बघा. शेवटी तोरू मिदोरीला फोन करतो. ती विचारते, तू आहेस कुठे? आणि फोनबूथमधून बाहेर बघताना त्याला ते सांगताच येत नाही. संपलं! मग ती त्याला मिळाली की नाही? अशा वेळी मी सरळ पहिलं प्रकरण पुन्हा काढते. तिथे तोरू सदतिसाव्या वर्षी विमानातून हॅम्बुर्गला उतरतोय आणि आठवण येतेय ती नाओकोची. मिदोरीचं काय झालं, यावर चकार शब्द नाही. उत्तर मिळत नाही, पण तोरूचं मन अजून कुठे अडकलंय, ते कळतं.

योको ओगावाच्या ‘द मेमरी पोलीस’मध्ये (१९९४) एका बेटावरून वस्तू नाहीशा होत जातात, गुलाब, पक्षी, कॅलेंडरं. शेवटी निवेदिकाच हळूहळू नाहीशी होते. तिनं घरात लपवून ठेवलेला संपादक मात्र बाहेर पडतो. बाहेर त्याचं काय झालं? लेखिका सांगत नाही. सांगणार तरी कशी, गोष्ट सांगणारीच उरली नाही!

पण मैत्रिणींनो, भिशीत खरं भांडण झालं ते सायाका मुराताच्या ‘कन्व्हिनिअन्स स्टोअर वुमन’वरून. या कादंबरीला २०१६ साली अकुतागावा पुरस्कार मिळाला. केइको छत्तीस वर्षांची, अविवाहित, अठरा वर्षं एकाच दुकानात अर्धवेळ नोकरी. घरच्यांना वाटतं, ही ‘बरी’ कधी होणार? म्हणून ती शिराहा नावाच्या ऐतखाऊ, तिरसट माणसाला घरात आणून ठेवते, तर लोकांना कोण आनंद! नोकरीही सोडते. शेवटी चांगल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना वाटेत तसलंच दुकान लागतं, आणि बाई आत शिरून फळीवरचा माल नीट लावू लागतात. मुलाखत राहते बाजूला.

ती सुटली की कायमची अडकली? एक जण म्हणाली, बिचारी, माणूसच राहिली नाही. मला नाही तसं वाटत. कुटुंब सल्ला केंद्रात ‘हिचं एकदा लग्न लावून दिलं की सगळं सुरळीत होईल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! केइकोनं बरं व्हावं ही घाई इतरांची आहे. तिला स्वतःला कुठे काय दुखतंय? शेवट दुःखाचा म्हणताना आपण तिच्या बहिणीच्या जागेवरून तर बघत नाही ना, एवढं तपासावं. मात्र हेही खरं, की त्या दुकानाबाहेर तिला काहीच उरत नाही, आणि मुरातानं तेही लपवलेलं नाही.

सगळेच मोकळे शेवट मला पटतात असं मात्र नाही. ‘काफ्का ऑन द शोअर’ (२००२) आल्यावर जपानी वाचकांनी प्रकाशकाकडे हजारो प्रश्न पाठवले आणि मुराकामीनं त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना उत्तरंही दिली. डोंगरावर मश्रूम गोळा करायला गेलेली ती शाळकरी मुलं एकाएकी बेशुद्ध का पडली, हे पुस्तकात नीट उलगडत नाही. माझी तरी त्या बाबतीत तक्रार कायम आहे.