पुरीत चार दिवस, हिशेबातल्या पैशांत

रायपूरच्या सदर बाजारातून बोलतोय. खाली सराफ्याची दुकानं उघडायला अजून तासभर आहे, तेवढ्या शांततेत आजचा विषय मांडतो. गर्दीच्या समुद्रकाठच्या गावात कमी पैशांत कसं राहायचं?

मुंबई-पुण्याकडच्या मंडळींना समुद्र म्हटलं की अलिबाग किंवा गणपतीपुळे आठवतं. आम्हा रायपूरकरांचा समुद्र म्हणजे पुरी. रात्री दुर्ग-पुरी गाडीत झोपायचं, दुसऱ्या दिवशी समुद्र. मराठी माणसाचं या गावाशी जुनं नातं आहे. 1751 ते 1803 ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि आमचं रायपूरही त्यांच्याच राज्यात. जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मराठ्यांच्याच काळात कोणार्कहून आणून तिथे उभा केला गेला.

नोकरीत असताना मी पुरीला दोनदा गेलो होतो. पण तेव्हा राहण्याची सोय दुसरं कुणीतरी करायचं. खोलीला किती पडतात, हे मला कधी विचारावंच लागलं नाही. ते कळलं दोन वर्षांपूर्वी.

आमच्याकडे बावीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईंना जगन्नाथाचं दर्शन घ्यायचं होतं आणि समुद्र बघायचा होता. सोबत दहा वर्षांचा नातू. आम्ही नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मैं अपन पइसा म जाहूं." रेल्वेची तिकिटं काढून त्यांच्याजवळ बत्तीसशे रुपये उरले. दोन माणसं, चार दिवस, तीन रात्री. सौ. म्हणाली, "अहो, मग आपणही तेवढ्यातच राहू. नाहीतर त्यांना अवघड वाटेल." ठरलं.

पहिली गोष्ट, दिवस निवडणं. पुरीत खोलीचा भाव खोलीवर ठरत नाही, तारखेवर ठरतो. रथयात्रा, दुर्गापूजेची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत बंगालपासून छत्तीसगडपर्यंतची माणसं तिथे लोटतात. शनिवार-रविवारही तसाच. आम्ही फेब्रुवारीत, सोमवार ते गुरुवार गेलो. आणखी एक लक्षात ठेवा. ज्येष्ठातल्या स्नानपौर्णिमेनंतर रथयात्रेपर्यंतचा पंधरवडा देव अणसरात असतात, म्हणजे मूर्तींचं दर्शन बंद. तेव्हा गेलात तर समुद्र भेटेल, जगन्नाथ नाही.

दुसरी गोष्ट, खोली. इथे माझी चूक झाली. फौजेत आम्ही आधी टेहळणी करतो, मग हालचाल. पण स्टेशनबाहेर सामान जड वाटलं आणि "सस्ता होटल" म्हणणाऱ्या रिक्षात मी बसलो. त्याने नेलं तिथे एका खोलीचे चौदाशे सांगितले. बाईंनी काही न बोलता पदराची गाठ चाचपली. ते पाहून मला घाम फुटला. रिक्षावाला काउंटरपाशी थांबून होता, तेव्हा उलगडा झाला. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचं कमिशन खोलीच्या भाड्यातच असतं, आणि ते आपणच भरतो. म्हणून सामान आणि बायका-मुलं एका जागी बसवायची आणि एकाने मोकळ्या हाताने चालत जाऊन विचारायचं. मी तसाच निघालो. समुद्रापासून आत, मंदिराच्या बाजूच्या एका धर्मशाळेत पाचशे रुपयांना एक, अशा दोन साध्या खोल्या मिळाल्या. पंखा, स्वच्छ संडास, दाराला नीट कडी. आणखी काय लागतं? मंदिर प्रशासनाचेही भक्तनिवास आहेत, नीलाचल, नीलाद्री वगैरे. तिथे आधी नोंदणी केलेली बरी.

तिसरी गोष्ट, खोली सोडण्याची वेळ. आपल्याला दुपारी बाराची सवय. पुरीत पुष्कळ ठिकाणी सकाळी सात-आठलाच खोली सोडावी लागते. म्हणजे तुम्ही दुपारी पोचलात तरी पहिला 'दिवस' दुसऱ्या दिवशी सकाळी संपतो. हे आधी विचारलं नाही, तर शेवटच्या दिवशी चार-पाच तासांसाठी पूर्ण दिवसाचं भाडं पडतं. आम्ही सकाळीच खोल्या सोडल्या आणि सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवलं. तिथे कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत, म्हणून दोन छोटी कुलपं घरूनच न्या.

चौथी गोष्ट, जेवण. मंदिराच्या आवारातच आनंदबाजार आहे. मातीच्या हंड्यांमध्ये लाकडाच्या आचेवर शिजलेला महाप्रसाद तिथे मिळतो. भात, डाळ, भाज्या. दुपारचा भोग लागला की जायचं, दोन-तीन ठिकाणी भाव विचारायचा, मग घ्यायचं. मोबाइल आणि चामड्याच्या वस्तू मंदिरात चालत नाहीत, त्या खोलीवरच ठेवा. महाप्रसाद जातपात न पाहता एकत्र बसून खायचा, अशी तिथली जुनी रीत आहे. आमच्या घरी बाई बावीस वर्षांत कधी आमच्यासोबत जेवायला बसल्या नव्हत्या. आम्ही म्हणायचो, त्या हसून स्वयंपाकघरात जायच्या. तिथे चौघं जमिनीवर बसलो, मध्ये एकच हंडी. त्यांनी आधी माझ्या पानावर भात वाढला, मग स्वतःच्या, आणि शेजारी बसून जेवल्या. सौ. माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून डाळ कालवत राहिलो.

पाचवी गोष्ट, आणि इथे पैसे वाचवू नका. समुद्र. पुरीचा किनारा पाहायला सरळ, पण पाण्याची ओढ जबर. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट धरतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथे उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, मग परता. तिथे नुलिया असतात. हे तेलुगू बोलणारे कोळी, त्यांची टोकदार टोपी लांबूनही ओळखू येते. थोडे पैसे घेऊन ते हात धरून स्नान घडवतात. बाई म्हणाल्या, "घुटनाभर पानी म काबर?" गुडघाभर पाण्याला कशाला पैसे? मीही मान डोलावली. तिसऱ्याच लाटेला नातवाच्या पायाखालची वाळू सरकली, पोरगा आडवा झाला आणि पाणी त्याला घेऊन निघालं. मी पोहोचायच्या आत शेजारच्या कुटुंबाच्या नुलियाने त्याला दंडाला धरून उचललं. पोरगं खोकत होतं, रडायचंही विसरलं होतं. चाळीस वर्षं मी जवानांना सुरक्षेचे धडे दिले, आणि शंभर रुपयांसाठी माझी अक्कल गहाण पडली होती. पुढचे दोन दिवस आधी नुलिया, मग पाणी. गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तिथला समुद्रही असाच फसवा आहे.

आता बाईंचा हिशेब, त्यांनीच गाडीत सांगितलेला. खोली पंधराशे, खाणं सातशे, रिक्षा दोनशे, नुलिया दोनशे, देवाला एकशे एक. उरले चारशे नव्व्याण्णव. त्यातून शेजारणींसाठी खाजा घेतला, नातवासाठी शंखाचा भोवरा.

रायपूरला उतरल्यावर नातवाने विचारलं, समुद्र पुन्हा कधी? बाईंनी पदराची गाठ सोडून उरलेल्या नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, आता पुढच्या फागुनात. त्याआधी पाचशे रुपये जास्त जमवायचे आहेत, कोणार्कही बघायचं आहे.

खाली शटर वर जायला लागलीत. आज इथेच थांबतो. नमस्कार.