पदच्छेदाची विद्या : डॅनिएल नेथन्स आणि एक लहान विषाणू

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने सूक्ष्मजीवशास्त्रातील एका संशोधकाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आनुवंशिकतेच्या अभ्यासकांनी संकेत, वाचन, प्रतिलेखन, भाषांतर ही आपल्या शास्त्रातील परिभाषा उचलली. ती तेथे कितपत सार्थ ठरते, हे पाहणे आपलेही काम आहे. या दृष्टीने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील प्राध्यापक डॅनिएल नेथन्स (१९२८–१९९९) यांचे संशोधन विशेष उद्बोधक आहे.

नेथन्स हे रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील सर्वांत धाकटे अपत्य. १९५४ मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे वैद्यकाची पदवी घेतली. परंतु रुग्णसेवेपेक्षा प्रयोगशाळेकडे त्यांचा ओढा वाढत गेला. न्यूयॉर्क येथे फ्रिट्झ लिपमान यांच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या घडणीचा अभ्यास करून १९६२ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्स येथे आले. त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, जीवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचे आरएनए जीवाणूंच्या अर्कात मिसळल्यास त्या विषाणूच्या कवचाचे प्रथिन तयार होते. मजकूर लहान असला की त्याचा अर्थ सिद्ध करता येतो, ही त्यांच्या पुढील कार्याची दिशा येथेच दिसते.

आता मूळ अडचण पाहू. डीएनएचा रेणू म्हणजे चार आधारांची लांबच लांब रांग. तिच्यात शब्दांमधील अंतर नाही, दंड नाही, परिच्छेद नाही. मोडी कागद वाचणाऱ्यास ही अडचण परिचित आहे. शिरोरेघ ओढून घेतलेली असते, तिच्याखाली अक्षरे अखंड धावत असतात आणि कोठे तोडावयाचे हे वाचकाने ठरवावयाचे असते. तेथे निदान भाषा माहीत असते. १९७० पूर्वीच्या संशोधकास मात्र डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याचे व्यवहार्य साधनही उपलब्ध नव्हते.

अशा स्थितीत नेथन्स यांनी निवडलेला विषाणू होता एसव्ही-४०. माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत तो १९६० मध्ये आढळला. त्या पेशींवर तयार केलेल्या पोलिओच्या काही लशींतही तो शिरलेला होता. हॅम्स्टरच्या नवजात पिलांत त्यामुळे गाठी उत्पन्न होतात, हेही लवकरच दिसून आले. त्याचे वर्तुळाकार डीएनए अवघ्या ५,२४३ आधार-जोड्यांचे आहे. मानवी पेशीतील एका संचात अशा सुमारे तीन अब्ज जोड्या असतात. एवढ्याशा मजकुराच्या बळावर हा विषाणू पेशीचा कारभार आपल्याकडे घेतो. म्हणूनच त्याचा प्रत्येक भाग काय करतो, हा प्रश्न महत्त्वाचा होता आणि आटोक्यातलाही.

१९६९ मध्ये नेथन्स प्राण्यांच्या विषाणूंचे तंत्र शिकण्यासाठी इस्राएलमधील वाइझमान संस्थेत गेले. वयाच्या चाळिशीनंतर ते पुन्हा विद्यार्थी झाले होते. तेथे त्यांना विभागातील सहकारी हॅमिल्टन स्मिथ यांचे पत्र आले. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जीवाणूपासून स्मिथ यांना एक विकर मिळाले होते. ते परक्या डीएनएवर कोठेही घाव घालीत नसे; आधारांचा एक ठरावीक क्रम जेथे येईल तेथेच तोडीत असे. जीवाणू याचा उपयोग विषाणूंपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी करतात. नेथन्स यांनी त्यात वाचनाचे साधन पाहिले.

१९७१ मध्ये नेथन्स व त्यांची विद्यार्थिनी कॅथलीन डॅना यांनी या विकराने एसव्ही-४० चे डीएनए तोडले आणि ते तुकडे जेलमध्ये ठेवून त्यातून विद्युत्प्रवाह सोडला. लहान तुकडे पुढे धावले, मोठे मागे राहिले आणि अकरा निरनिराळे पट्टे मिळाले. प्रयोग पुन्हा केला तरी तेच अकरा. पण हे तुकडे कोणत्या क्रमाने जोडलेले होते? येथे पोथीची सुटी पाने लावणाऱ्याची युक्ती उपयोगी पडली. विकराला अपुरा वेळ दिला की काही ठिकाणे न तुटता राहतात आणि दोन शेजारी तुकडे जोडलेलेच मिळतात. त्यावरून शेजार कळतो. दुसऱ्या विकरांनी वेगळ्या जागी तोडून त्याची खातरजमा करता येते. वर्तुळाला आरंभ नसतो. म्हणून दुसरे एक विकर ज्या एकाच जागी ते तोडते, तो बिंदू शून्य मानण्यात आला. १९७३ मध्ये हा नकाशा सविस्तर प्रसिद्ध झाला. विषाणूची संपूर्ण अक्षरमाला १९७८ मध्ये वाचली गेली. म्हणजे मजकूर वाचता येण्यापूर्वी पाच वर्षे त्याची पाने लागली होती.

नकाशा हाती आल्यावर कार्याला स्थान देता येऊ लागले. नकाशाचा शून्य बिंदू सोयीने मानलेला होता. विषाणू स्वतःची प्रत कोठून करू लागतो, हा प्रश्न निराळा. वाढत्या विषाणूला थोडा वेळ किरणोत्सर्गी द्रव्य पुरवून नुकत्याच पूर्ण झालेल्या प्रती तपासल्या, तर शेवटी तयार झालेल्या तुकड्यांत ते अधिक आणि प्रथम तयार झालेल्यांत कमी सापडले पाहिजे. या तर्काने १९७२ मध्ये डॅना व नेथन्स यांनी दाखविले की, प्रत एका निश्चित जागी सुरू होते, दोन्ही दिशांनी पुढे सरकते आणि समोरच्या बाजूस पूर्ण होते. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेने डीएनएचा नेमका भाग गाळून वा बदलून काय बिघडते ते पाहण्याच्या रीती सिद्ध केल्या. १९७८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक नेथन्स, स्मिथ आणि स्वित्झर्लंडचे वर्नर आर्बर यांना विभागून मिळाले.

परंतु उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. पदच्छेद करणारा वाचक अर्थ जाणून तोडतो. विकराला अर्थ ठाऊक नसतो. ते एका अक्षरक्रमापाशी तोडते, मग तो क्रम जनुकाच्या मध्यभागी का असेना. त्याने पाडलेला तुकडा म्हणजे 'पद' नव्हे. तथापि हा दोषच येथे गुण ठरला. तोडण्याचा नियम अर्थनिरपेक्ष असल्यामुळे अभ्यासकाचा पूर्वग्रह तुकड्यांत शिरू शकला नाही. अर्थ नंतर, प्रयोगाने, एकेका तुकड्यास जोडावा लागला. प्रथम रूपाचे वर्गीकरण करावे आणि मग अर्थाकडे वळावे, असे वर्णनात्मक भाषाशास्त्राचा एक संप्रदाय सांगत आला आहे. त्याच्या बाजूचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट. तोडण्याचे हे साधन जोडण्याचेही होते. भिन्न जीवांचे डीएनए एकत्र सांधता येऊ लागताच, अशा काही प्रयोगांना स्वेच्छेने विराम द्यावा असे आवाहन करणारे एक पत्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर नेथन्स यांचीही सही होती. आपल्याच विद्येच्या वापराला मर्यादा मागणे सोपे नसते.

विषय निवडताना आपले विद्यार्थी बहुधा विस्ताराकडे आकृष्ट होतात. संपूर्ण बोली, संपूर्ण कालखंड त्यांना हवा असतो. नेथन्स यांनी अनेक वर्षे पाच हजार अक्षरांच्या एका वर्तुळाला दिली. त्या अवधीत बनलेली हत्यारे पुढे तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरासाठीही उपयोगी पडली. विषय लहान असणे म्हणजे प्रश्न लहान असणे नव्हे, एवढे या चरित्रावरून ध्यानात घेतले तरी पुरे.