मोजून ठेवलेली दारू

माझी आई कळमन्यात घरी बसून तिखटाच्या पुड्या भरते. मी एकदा विचारले, "गिऱ्हाईक आल्यावर मोजले तर?" ती म्हणाली, "गर्दीत हात हालते, बाबू."

काडतूस म्हणजे काय, हे मला त्या वाक्याने कळले. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला बहुधा सहा घरे असत. प्रत्येक घरात आधी दारू, तिच्यावर शिशाची गोळी आणि मागे ठिणगी पाडणारी टोपी. लढाईच्या धामधुमीत दारू मोजणार कोण? म्हणून ती आधीच मोजून गोळीसकट कागदात बांधत. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरसाठी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागदही वापरीत. तो फाडावा लागत नसे, दारूबरोबरच जळून जाई.

एन्फील्ड रायफलीचे काडतूस मात्र दातांनी फाडावे लागे. त्याला गाईची व डुकराची चरबी लावली आहे, या बातमीने १८५७ साली शिपाई बिथरले. दारू मापात होती. पुडी बांधणाऱ्यावर विश्वास उरला नव्हता.

आईच्या पुड्या दुकानदार पुन्हा तोलत नाही. परीक्षेच्या उत्तरात हे लिहिता आले नाही, म्हणून येथे लिहिले.