संप्रेरकांची जनुके आणि त्यांचे ऊतकनिष्ठ नियमन

प्राण्याच्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. तथापि इन्शुलिन निर्माण होते ते मुख्यतः स्वादुपिंडातील बीटा पेशींत, आणि वृद्धिसंप्रेरक निर्माण होते ते मुख्यतः पोष ग्रंथीच्या अग्रखंडातील विशिष्ट पेशींत. यकृताच्या पेशीतही ही दोन्ही जनुके असतात. परंतु तेथे ती मूक राहतात. जनुक सर्वत्र असूनही त्याची अभिव्यक्ती ठराविक ऊतकातच का व्हावी, हा ऊतकनिष्ठ नियमनाचा मूळ प्रश्न होय.

काचपात्रात वाढविलेल्या पेशी या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतात, कारण अशी पेशी केवळ आपल्या प्रकाराविषयी बोलते. सर्व ऊतकांची साक्ष एकदम घ्यावयाची तर संपूर्ण प्राणीच हवा. म्हणून उंदराच्या फलित अंड्यात इष्ट जनुक सूक्ष्म नलिकेने सोडतात. ते आरंभीच गुणसूत्रात सामावले गेले, तर पुढे शरीरातील प्रत्येक पेशीत ते उतरते. मग कोणत्या ऊतकात ते बोलते व कोणत्या नाही, हे तपासता येते.

१९८२ साली रिचर्ड पामिटर, राल्फ ब्रिन्स्टर व त्यांचे सहकारी यांनी मेटॅलोथायोनीन या प्रथिनाच्या जनुकाचा प्रवर्तक, म्हणजे जनुकापूर्वीचा नियामक भाग, रॅट या मोठ्या उंदराच्या वृद्धिसंप्रेरकाच्या जनुकास जोडला. जन्मलेल्या २१ पिलांपैकी ७ पिलांत हे संयुक्त जनुक आढळले, व त्यांतील ६ आपल्या भावंडांहून बरीच मोठी झाली. संप्रेरक तेच होते. परंतु आता ते यकृतात तयार होत होते. १९८५ साली डग्लस हॅनहॅन यांनी उलट रचना केली. त्यांनी इन्शुलिन जनुकाचा नियामक भाग घेऊन त्यास एका विषाणूचे अर्बुदकारी जनुक जोडले. अर्बुदे उद्‌भवली ती बीटा पेशींत.

दोन्ही प्रयोग एकत्र वाचले असता निष्कर्ष स्पष्ट होतो. व्याकरणात प्रकृती अर्थ देते व प्रत्यय तिचे वाक्यातील स्थान ठरवितो. त्याप्रमाणे काय निर्माण व्हावे हे जनुकाचा प्रथिनवाचक भाग सांगतो, आणि कोठे व केव्हा निर्माण व्हावे हे नियामक भाग सांगतो.

परंतु लगतचा प्रत्यय नेहमीच पुरेसा नसतो. आरोपित जनुक गुणसूत्रात कोठेही जाऊन बसते, आणि त्या जागेच्या प्रभावाने एकच रचना एका वंशात मुखर, तर दुसऱ्यात मूक राहते. मानवी वृद्धिसंप्रेरकाच्या जनुकाबाबत ही अडचण विशेष जाणवली. हे जनुक १७ व्या गुणसूत्रावरील पाच सजातीय जनुकांच्या समूहात आहे. त्यांपैकी एक पोष ग्रंथीत, तर उरलेली चार वारेत अभिव्यक्त होतात. १९९५ साली नॅन्सी कुक, स्टीफन लीबहेबर व त्यांचे सहकारी यांनी समूहापासून दूर असलेला नियंत्रक प्रदेश दाखवून दिला. त्यातील पोष ग्रंथीशी निगडित घटक जनुकापासून सुमारे १४,५०० जोड्या दूर आहेत. हा प्रदेश सोबत असला म्हणजे आरोपित जनुके, गुणसूत्रावर कोठेही बसोत, पोष ग्रंथीत व वारेत आपापल्या जागी बोलू लागतात, असे २००० साली दिसून आले. २००२ साली त्यांतील एक घटक वगळताच पोष ग्रंथीतील अभिव्यक्ती अत्यंत घटली. काव्यात दूरान्वय हा दोष मानतात. येथे मात्र तो नियमच आहे.

या घटकांवर पिट-१ हे प्रथिन बद्ध होते. त्याच्याच जनुकातील दोषामुळे स्नेल नावाचे बुटके उंदीर जन्मतात, हे १९९० साली सिद्ध झाले. माणसातही तसा दोष वाढ खुंटवितो, हे १९९२ साली कळले.

या संशोधनाचे मोल येथेच आहे. वाढ खुंटलेल्या बालकाच्या जनुकाचा प्रथिनवाचक भाग निर्दोष आढळला, तरी शोध तेथेच थांबविणे योग्य नव्हे. दोष दूरच्या नियामक भागात किंवा तो वाचणाऱ्या प्रथिनात असू शकतो. तसेच उपचारासाठी जनुक पेशीत पोहोचविणे एवढेच पुरेसे नाही. महाकाय उंदरांत मेंदूच्या नियंत्रणाबाहेर संप्रेरक स्रवत राहिले, आणि त्यांच्या माद्या बहुधा वंध्य निघाल्या. योग्य संप्रेरकही अस्थानी व अमर्याद निर्माण झाले, तर ते अपायच करते.